आधी हवेचा आकडा विचारा

चढाला गाडी ओढत नाही, पिकअप गेलाय, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. टर्बो डिझेल गाड्यांची ही तक्रार नागपुरातल्या माझ्या गॅरेजात नेहमीची. स्कॅनर लावला की पुष्कळदा 'पी ०२३६' हा कोड येतो. त्याच्या नावातच बूस्ट सेन्सर आहे, म्हणून सेन्सरच बदलून टाकणारे खूप. मला हे अजिबात मान्य नाही. दाबाचं माप अपेक्षेशी जुळत नाही, एवढंच तो कोड सांगतो. का जुळत नाही, हे मेकॅनिकने शोधायचं.

एक्झॉस्टच्या जोरावर टर्बोचा पंखा फिरतो आणि हवा दाबून इंजिनात भरतो. किती दाब झाला, हे अंगठ्याएवढा सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळवतो. त्याला ५ व्होल्ट मिळतात; दाबानुसार साधारण अर्धा ते साडेचार व्होल्ट तो परत देतो. या आकड्यावरचा भरवसा उडाला की ईसीयू डिझेल तोडतो.

सेन्सरची पहिली परीक्षा अगदी सोपी: चावी ऑन, इंजिन बंद. तेव्हा पाइपात बाहेरचीच हवा असते आणि तिचा दाब आपल्याला ठाऊक असतो. समुद्रकाठी सुमारे १०१ किलोपास्कल, नागपुरात ९७-९८, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. स्कॅनरवर सेन्सरचा आकडा तेवढाच दिसायला हवा.

माझे एक गिऱ्हाईक हिवाळ्यात सहकुटुंब काशीला गेले. नागपूरकर भोसल्यांनी बांधलेला भोसले घाट आणि तिथलं लक्ष्मीनारायणाचं मंदिर पाहायची त्यांची फार इच्छा. रीवा सोडल्यावर गाडीची ताकद गेली. घाटापर्यंतच्या गल्ल्यांत मोटार शिरत नाही, ती लांब ठेवून ते घाटावर पोचले आणि तिथून फोन केला, "दादा, इथला मिस्त्री सेन्सर बदला म्हणतो."

"काका, थांबा. आधी चावी ऑन करून आकडा बघायला सांगा."

संध्याकाळी आकडा कळला: १००. काशी समुद्रसपाटीपासून जेमतेम ८० मीटर उंच. थंडीत तिथे एवढाच दाब हवा. सेन्सर ठीक होता. मग रिंगरोडला तिसऱ्या गिअरमध्ये जोर देऊन पाहिलं. ईसीयूची मागणी २०० च्या वर, मिळत होते १३०. हवा वाटेत गळत होती. इंटरकूलरच्या होजवर, क्लिपच्या कडेला तेलाचा ओला डाग होता आणि डागाखाली बोटभर चीर. इंजिन बंद असताना ती मिटलेली असे, दाब आला की उघडे. होज बदलला, गाडी पूर्वीसारखी ओढू लागली.

चावी ऑनला ७० किंवा १३० दिसले असते, तर मी कनेक्टर काढून ५ व्होल्ट आणि अर्थ तपासायला लावलं असतं, सेन्सरच्या तोंडावरची काजळी साफ करायला सांगितलं असतं. तरीही फरक पडला नसता, तरच नवा सेन्सर.

चुकीचा पार्ट बदलून भागत नाही. गळती तशीच राहते, मागणी पुरी करायला टर्बो जास्त वेगाने फिरतो, त्याचं बेअरिंग झिजतं, आणि टर्बोपुढे होजची किंमत काहीच नाही. म्हणून सेन्सर बदला असं कोणी म्हटलं, तर चावी ऑनला किती आकडा आला, हे जरूर विचारा. चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नाचा राग येत नाही.