छेदात कोण बसते?

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांविषयी इतर शाखांत असा एक समज आहे, की आमचे वैर आकड्यांशी असते. तसे मुळीच नाही. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला आकडे कळतात. पाढे आम्ही तीसपर्यंत घोकलेले आहेत. अडवणूक करतात ती आकड्यांच्या अवतीभवती वावरणारी चिमुकली इंग्रजी अव्यये : ओव्हर, अगेन्स्ट, ऑन, बाय, टू. 'बाय ट्वेंटी' वाढले म्हणजे विसाने वाढले आणि 'टू ट्वेंटी' वाढले म्हणजे विसावर गेले. एवढ्याशा शब्दाने नफ्याचे चित्र पालटते.

त्यांत 'ओव्हर' सर्वांत लबाड. शाळेत त्याचा अर्थ शिकलो 'च्या वर', मैदानात सहा चेंडू. पुढे कंपन्यांचे तिमाही निकाल वाचू लागलो तेव्हा प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'ओव्हर द करस्पाँडिंग क्वार्टर ऑफ द प्रीव्हियस इअर' हे लांबलचक प्रकरण लोंबताना दिसले. येथे वर-खाली काहीच नसते. मला त्याची किल्ली सापडली ती गणितात. तीन चतुर्थांश हा अपूर्णांक इंग्रजीत 'थ्री ओव्हर फोर' असा वाचतात. म्हणजे ओव्हरच्या मागून जो येतो तो छेदात बसतो! कोणत्याही टक्केवारीला विचारायचा प्रश्न तोच : बाई, तुझ्या छेदात कोण?

आता 'प्रीव्हियस क्वार्टर' आणि 'करस्पाँडिंग क्वार्टर' यांतला फरक पाहा. बेळगावातल्या छत्रीवाल्याने जूनची विक्री मेशी ताडून पाहिली, तर तो दरवर्षी स्वतःला कुबेर समजेल. त्याने यंदाचा जून गेल्या जूनशीच ताडला पाहिजे. त्यातही 'ओव्हर द इअर' म्हटले की वर्षभरात, आणि 'ओव्हर लास्ट इअर' म्हटले की बहुधा गेल्या वर्षीच्या मानाने. पहिल्यात वर्ष हा प्रवास आहे, दुसऱ्यात मोजपट्टी.

मोजपट्टीच आखूड झाली तर काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. २०२१ च्या एप्रिल-जून तिमाहीत देशाचे सकल उत्पादन २०.१ टक्क्यांनी वाढल्याचे त्या वर्षी ३१ ऑगस्टला जाहीर झाले. स्थिर किमतींना २६.९५ लाख कोटींच्या जागी ३२.३८ लाख कोटी रुपये. आकडा खरा होता. पण छेदात बसली होती २०२०ची टाळेबंदीची तिमाही, आणि ती स्वतः आदल्या वर्षाच्या त्याच तिमाहीपेक्षा २४.४ टक्क्यांनी खाली होती. शंभराचे ७५.६ झाले, त्यावर २०.१ टक्के चढले, तरी हाती सुमारे ९०.८ च. मथळ्याला शेपूट छाटायची सवय असते, आणि इंग्रजी वाक्यात छेद नेमका शेपटीतच असतो.

मराठीत तो आधी येतो. 'गेल्या वर्षीच्या याच तिमाहीच्या तुलनेत' एवढे म्हटल्यावर मग आपण आकड्याला हात घालतो. त्यात 'करस्पाँडिंग' या अगडबंब शब्दाचे सारे ओझे एकटा 'च' वाहतो. या अंकाच्या कन्नड विभागात लिहिणाऱ्या एका मित्राला विचारले, तर तो म्हणाला, आम्ही 'कळेद वर्षद इदे अवधिगे होलिसिदरे' असे लिहितो. त्यातल्या 'इदे'च्या अखेरीचा 'ए' म्हणजे आपल्या 'च'चा सख्खा भाऊच. मला तर वाटते, या बाबतीत इंग्रजीपेक्षा आपल्या दोन्ही भाषा अधिक सरळ आहेत. (वर्तमानपत्रे हल्ली 'वार्षिक आधारावर' असे लिहितात, ते मात्र कानाला खुपते.)

पण 'याच' म्हणजे कोणता? २०२३ साली मी बारावीत असताना मामांच्या कापड दुकानाला एका बँकेचे इंग्रजी पत्र आले. मामांना मराठी आणि कन्नड अस्खलित येते, इंग्रजीशी बेताचीच ओळख. पत्रात म्हटले होते, की जुलै-सप्टेंबरची विक्री करस्पाँडिंग क्वार्टरच्या मानाने बरीच घटली आहे, सबब कॅश क्रेडिटची मर्यादा कमी का करू नये? मी ओव्हरमागचा छेद उलगडून सांगितला. मामा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "तारखेला तारीख काय लावतोयस? तिथीला तिथी लाव की रे!"

मग आम्ही दोन वर्षांच्या रोजकीर्दी काढल्या. २०२२ साली घटस्थापना २६ सप्टेंबरला होती, म्हणून दसऱ्याच्या कपड्यांची गर्दी सप्टेंबरातच उरकली होती. २०२३ साली १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण आला, सारे सण पुढे ढकलले गेले आणि घटस्थापना गेली १५ ऑक्टोबरला. एका तिमाहीत गणपती आणि दसरा दोन्ही बाजार, दुसरीत एकटा गणपती. इंग्रजी पंचांगाने दोन्ही तिमाह्या जुळ्या; गिऱ्हाइकाच्या पंचांगाने त्यांचे काही नाते नाही. मामांनी लुगड्याचे काठ जुळवावेत तसे सणाला सण जुळवून दोन रकाने केले, आणि ते घेऊन आम्ही बँकेत गेलो.

तेथले साहेब कन्नडभाषक. मामांनी अधिक मासाची गोष्ट त्यांना कन्नडमध्येच सांगितली. "हौदु, हौदु," म्हणत त्यांनी आमचा कागद फाइलीला जोडला आणि तो वरच्या कचेरीत पाठवावा लागेल असे सांगितले. तेथे तो कुणी कोणत्या भाषेत वाचला, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता. मर्यादा होती तेवढीच राहिली. मात्र मंजुरी हाती पडली तेव्हा लक्ष्मीपूजनाला आठच दिवस उरले होते, आणि दिवाळीचा निम्मा माल मामांनी तोवर उधारीवर, चढ्या भावाने उचललेला होता.