फिनिश हिम

मॉर्टल कॉम्बॅटमधली ‘फॅटॅलिटी’ न खेळलेल्या माणसाला समजावून सांगताना माझी पंचाईत होते. लढत संपलेली असते. दोन राउंड जिंकून झालेले असतात, हरलेला जागच्या जागी झुलत उभा असतो आणि आवाज येतो, ‘फिनिश हिम’. यापुढे काहीही केलं तरी निकाल बदलत नाही. साधा ठोसा मारला तरी तो पडतोच. पण काही सेकंदांत ठरावीक बटणं ठरावीक क्रमाने दाबली, तर त्याचं मुंडकं पाठीच्या कण्यासकट हातात येतं. म्हणजे या गेममधली गाजलेली हिंसा ही पूर्णपणे अनावश्यक हिंसा आहे, आणि ती जमायला सराव लागतो.

१९९२ साली एड बून आणि जॉन टोबायस यांनी मिडवेसाठी हा गेम केला, तेव्हा खऱ्या माणसांचं चित्रीकरण करून ते पडद्यावर आणलं होतं. स्कॉर्पियन आणि सब-झिरो हे जानी दुश्मन म्हणजे एकच नट, डॅनियल पेसिना, एकच पोशाख. फक्त रंग बदललेला. मेमरी वाचवायची युक्ती. (मेमरी वाचवण्यातून एवढं मोठं वैर जन्माला आल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.) त्यातलं रक्त बघून १९९३ साली अमेरिकन सिनेटपुढे सुनावण्या झाल्या आणि पुढच्या वर्षी गेमवर वयोगटाचं लेबल लावणारी ईएसआरबी आली. निन्टेंडोने आपल्या आवृत्तीत रक्ताच्या जागी करडा घाम दाखवला. सेगावर मात्र एक कोड टाकला की रक्त यायचं. सेगाची जास्त खपली, हे सांगायला नकोच.

१९९५च्या सिनेमात रक्त जवळजवळ नव्हतंच. ती कसर २०२१ साली सायमन मॅकक्वॉइडच्या सिनेमाने भरून काढली. मी तो पाहिला त्याच वर्षीच्या मे महिन्यात, पुण्यात, एकट्याने, लॅपटॉपवर. बाहेर ॲम्ब्युलन्सचे आवाज इतके नेहमीचे झाले होते की सिनेमातला सायरन कुठला आणि रस्त्यावरचा कुठला, हे हेडफोन काढून बघावं लागे.

सुरुवातीची काही मिनिटं सतराव्या शतकातल्या जपानमधली आहेत. हिरोयुकी सानादाचा हान्झो पाणी आणायला गेलेला असतो. जो तास्लिमचा बी-हान घरी येऊन त्याची बायको आणि मुलगा यांना एकत्रच बर्फात गोठवून मारतो. हान्झो बायकोचं बागकामाचं कुनाई दोरीला बांधतो आणि लढतो. हेच पुढे स्कॉर्पियनचं शस्त्र होणार, हे गेम खेळलेल्याला लगेच कळतं. एक जपानी बोलतो, दुसरा चिनी. मारामारी नीट दिसते: पाय कुठे पडला, वार कुठून आला, सगळं. पण मला ते दोन गोठलेले देह बघवले नाहीत. मी तेवढा भाग पुढे ढकलला.

त्याच सिनेमात तासाभराने कुंग लाओ आपली टोपी जमिनीवर करवतीसारखी फिरवतो आणि उडणाऱ्या निटाराला तिच्यावर ओढून उभी चिरतो. ‘फ्लॉलेस व्हिक्टरी’ म्हणतो. २०११च्या गेममधली ही फॅटॅलिटी. मी मोठ्याने हसलो. रिकाम्या फ्लॅटमध्ये स्वतःचं हसू जरा विचित्रच ऐकू आलं.

निटाराच्या वाट्याला ना घर ना मूल, धड दोन वाक्यंही नाहीत. ती येतेच चिरली जायला. हे मला लेखकाचा आळस म्हणून खटकायला हवं. खटकलं ते कोल यंग नावाच्या हिरोबद्दल, जो कुठल्याच गेममध्ये नाही आणि सिनेमातही असून नसल्यासारखाच. पण टोपीच्या वेळी मला हॉस्टेल आठवत होतं. मी आणि रूममेट एकाच कीबोर्डवर खेळायचो. चार बटणं एकदम दाबली की एखादं लागायचंच नाही, मग कोपराने ढकलाढकली आणि शिव्या. त्याने माझे दोन तुकडे केले की पाच सेकंदांत मी पुन्हा उभा असायचो, अख्खा, आणि तो शेजारी खिदळत असायचा. फॅटॅलिटीत जे मरतं ते परत येतं, हे आम्हाला इतकं गृहीत होतं की तिला मरण म्हणणंच चूक.

हान्झोच्या बायकोला रिमॅच नाही. सिनेमात खरं तर कुणालाच नसतो, स्कॉर्पियन सोडून. तो नरकातून परत येतो आणि शेवटी सब-झिरोला जाळतो. इथे पुन्हा लढत संपल्यावरचा वार आहे, पण झुलत उभं राहणं नाही, आवाज नाही, आणि बटण माझ्याकडे नाही. सानादाच्या चेहऱ्यावर विजय दिसत नाही. काम संपल्यासारखं काहीतरी दिसतं.

सिनेमा संपल्यावर रूममेटला मेसेज केला, टोपी पाहिलीस का. त्याच्या घरी तेव्हा दोघं पॉझिटिव्ह होते. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘दोनदा. आईची ऑक्सिजन लेव्हल ९४. कीबोर्ड आहे का अजून?’