किती-तर

कनेरगाव नाक्याला एके काळी निजामाची हद्द संपायची आणि वऱ्हाड लागायचं. तितर मात्र दोन्हीकडे एकाच भाषेत ओरडायचा. पहाटे शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून, आवाज यायचा : किती-तर, किती-तर. लहानपणी वाटायचं, हा काहीतरी मोजतोय.

थंडीत पारधी काका यायचे. घोड्याच्या शेपटीच्या केसाचे त्यांचे फास उन्हात धरले तरच दिसायचे. एकदा मी त्यांच्या झोळीत डोकावलो. तितराच्या पापण्या दोऱ्याने शिवलेल्या होत्या. दिसलं नाही की पाखरू फडफडत नाही. पिसांखाली काळीज तेवढं उडत होतं. त्या रात्री आमच्याकडे काळ्या मसाल्याचा रस्सा झाला आणि मी दोनदा वाढून घेतला. लपवू कशाला?

वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ पासून होता. तेव्हा लहान शिकारीचे परवाने तरी मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने तेही गेले. आता फास लावला तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. असायलाच हवा. पण ज्या जमातीवरचा जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये कुठे पुसला गेला, तिच्याच पालावर हा कायदा आधी पोचला. रस्सा ओरपणाऱ्यांच्या दारी कुणी आलं नाही. आमच्याही नाही.

आणि जी पाखरं ताटात न पडताच गेली, त्यांचं काय? तणमोराचं? पावसाळ्यात नर गवतातून उंच उडी घेतो, खाली येतो, पुन्हा घेतो, दिवसातून शेकडो वेळा, मादीने पाहावं म्हणून. बंदूकवाल्या साहेबांनीही ते पाहिलं. त्यांच्या हातून वाचलेल्यांचं गवत सोयाबीनखाली गेलं. गायरान नांगरलं म्हणून पाखराच्या खुनाचा खटला कुणावर चालल्याचं मी तरी ऐकलं नाही. अकोला-वाशीमकडे ‘संवेदना’ संस्थेबरोबर फासेपारधीच आता गवत राखतात. पाखराची चाहूल त्यांच्याइतकी कुणाला कळणार?

यंदा मृगात पहाटे धुऱ्यावर जाऊन बसलो. तणनाशकाने गवत पिवळं पडलं होतं. पैनगंगेच्या अंगाने एकदाच आवाज आला. दुसऱ्याची वाट पाहत होतो, तेवढ्यात नाक्यावरून ट्रक सुटू लागले.

तुमच्या शेताला धुरा असेल, तर येत्या पावसाळ्यात त्याच्यावर तेवढं फवारू नका.