एक जूनची मुले

गेल्या आषाढात एके रात्री जेवणे आटोपल्यावर आमच्या जुहूच्या घरी एक लहानशी सभा भरली. थोरले चिरंजीव, सूनबाई, धाकटे चिरंजीव, दोन्ही नातवंडे असे सर्व सभासद हजर होते आणि अध्यक्षस्थान नेहमीप्रमाणे आमच्या सौभाग्यवतींकडे होते. विषय होता थोरल्या नातवाचा हॉकीच्या निवडचाचणीचा अर्ज. मुलगा यंदा बारावीत आहे, चेंडू बरा खेळवतो, आणि गणितापेक्षा त्याचे चित्त मैदानात अधिक रमते हे त्याच्या वडिलांस सलते. त्यांचे म्हणणे एवढेच की, डिसेंबरात अठरा पुरी झाली म्हणजे अठराखालील स्पर्धा संपल्या. मग पुढे काय? त्यापेक्षा आतापासूनच अभ्यासास लागलेले बरे.

“पण बाबा, तिकडे अमेरिकेत तर नियमच बदलला!” नातू म्हणाला.

आम्ही चौकशी केली. ती हॉकी निराळी, बर्फावरची. कॅनडात सोळा ते वीस वर्षांच्या मुलांचे तीन मोठे संघसमूह आहेत. त्यांत खेळणाऱ्यांस थोडासा मासिक भत्ता मिळे, आणि तेवढ्यावरून अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडामंडळ त्यांना व्यावसायिक ठरवून आपली दारे बंद करी. म्हणजे सोळाव्या वर्षीच पोराने ठरवावयाचे की, खेळ की विद्यालय! हा नियम 7 नोव्हेंबर 2024 रोजी मताने बदलला आणि 1 ऑगस्ट 2025 पासून ती दारे उघडली. गॅव्हिन मॅकेना नावाचा तिकडचा नावाजलेला तरुण लागलीच कॅनडातील संघ सोडून पेन स्टेट विद्यापीठात गेला. चांगलेच झाले. परंतु विद्यापीठाच्या संघातील जागा काही वाढल्या नाहीत. एकोणीस-वीस वर्षांचा तयार गडी बाहेरून आला की, घरच्या अठरा वर्षांच्या मुलास बाकावर बसावे लागणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. तो मुलगा आदल्या वर्षापर्यंत जुन्या नियमावर विसंबून तयारी करीत होता, त्याचे काय?

आपल्याकडेही असे घडलेले आहे. 2018 साली दिल्लीस ‘खेलो इंडिया’चे शालेय सामने झाले तेव्हा मर्यादा सतरा वर्षांची होती. 2019 च्या जानेवारीत तेच सामने पुण्यास बालेवाडीला भरले, तेव्हा सतराखालील व एकवीसखालील असे दोन गट झाले. पुढे 2022 च्या जूनमध्ये हरियाणात ते भरले तेव्हा मर्यादा अठरावर आली. विद्यापीठांसाठी 2020 पासून निराळे सामने सुरू झाले होते, तेव्हा अठराच्या पुढील मुलांनी तिकडे जावे असा हिशेब असावा. हिशेब कागदावर चोख आहे. परंतु जो मुलगा बारावीत नापास झाला, किंवा बाप आजारी पडल्यामुळे कामास लागला, त्याने कोठे जावे? हॉकीच्या कनिष्ठ विश्वचषकाची मर्यादा 1979 पासून एकवीसचीच आहे. त्यामुळे अठरा ते एकवीस ही तीन वर्षे म्हणजे या खेळातील ऐन पेरणीचा हंगाम. धनराज पिल्ले खडकीहून मुंबईस आले ते कंपनीच्या संघातून वर चढले. त्यांना कोणी महाविद्यालयाचे ओळखपत्र मागितले नाही. वांद्र्याचे वीरेन रस्किन्हा हे अथेन्सचे ऑलिंपिक खेळून 2008 साली स्टिक ठेवून व्यवस्थापनशास्त्र शिकावयास गेले. दोन्ही वाटा चांगल्या. पण आज महाविद्यालयाबाहेरच्या मुलाची वाट फार अरुंद झाली आहे, असे आमचे मत आहे.

असो. अर्जासोबत जन्मतारखेचा दाखला जोडावयाचा होता. सौभाग्यवती आतून दाखला तर घेऊन आल्याच, वर नातवाची पत्रिकाही घेऊन आल्या. घटका, पळे, नक्षत्र, चरण, सर्व काही टाकाने लिहिलेले! मंडळी हसली. आम्हांस मात्र हसू आले नाही. आम्हांस 1993 सालचा जून महिना आठवला.

त्या वेळी आम्ही उपनगरातील एका मराठी शाळेत प्रवेशाचे रजिस्टर भरीत असू. जुहूच्या कोळीवाड्यातील एक बाई मुलाचे बोट धरून आली. मुलगा घरीच जन्मलेला, कोठे नोंद नाही. बाईला विचारले तर म्हणाली, “मास्तर, चार वर्सांमागं होळी पेटली ना, त्याच राती झाला.” म्हणजे 1989 चा मार्च. पहिलीस पाच वर्षे पुरी लागत, आणि मुलगा सव्वाचार वर्षांचा. बाई पहाटे मासळी आणावयास जाई ती दुपारी परते; थोरली बहीण आमच्याच शाळेत होती; या पोराकडे पाहावयास घरी कोणी नव्हते. आम्ही टाक उचलला आणि लिहिले, 1 जून 1988. आमच्या पिढीतील शिक्षकांस ही तारीख नवीन नाही. शाळा जूनमध्ये उघडे, आणि ज्याचा जन्म ठाऊक नाही तो एक जूनला जन्मे. कित्येक वर्गांत निम्मा पट एकाच दिवशी जन्मलेला असे! आम्हांस त्यात दोष वाटला नाही. उलट एका गरीब मायेची सोय केली, असेच समाधान वाटले.

तो मुलगा हॉकी खेळू लागला. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर चेंडू असा नेई की, फिरावयास आलेले लोक उभे राहत. बारावीत तो नापास झाला आणि महाविद्यालय दुरावले, तरी खेळ सुटला नाही. 2009 साली एकवीसखालील संघाच्या निवडीची चाचणी निघाली. अट होती, जन्म 1 जानेवारी 1989 रोजी वा त्यानंतरचा हवा. आईच्या होळीप्रमाणे तो बसत होता. आमच्या टाकाप्रमाणे सात महिन्यांनी बाहेर पडत होता. मेजावरील गृहस्थांनी दहावीचे प्रमाणपत्र पाहिले आणि अर्ज परत दिला. त्यांचेही काही चुकले नाही.

तो आमच्याकडे आला. शाळा सोडल्यावर रजिस्टरातील जन्मतारीख सहसा बदलता येत नाही हे आम्ही त्यास समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. जाताना उंबरठ्यावर चपला घालीत म्हणाला, “माझं एक वर्ष तुमच्याकडे राहिलं, गुरुजी.”

रागाने बोलला असता तर बरे झाले असते. आम्ही उभा जन्म मुलांस अमरकोश घोकावयास लावला. ‘वयस्’ म्हणजे आयुष्याचा काळ, आणि ‘वयस्’ म्हणजे पक्षीही, हे शेकडो वेळा फळ्यावर लिहिले. तो पक्षी आपल्याच हातून सुटला, हे त्या दिवशी कळले.

वयाच्या मर्यादा नसाव्यात असे आमचे म्हणणे नाही. मिशा काढून सोळाखालील संघात उतरलेले वीर आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत, आणि त्यांच्यापुढे खरी सोळा वर्षांची पोरे हतबल झालेली पाहिली आहेत. 2010 साली केंद्र सरकारने वयचोरीविरुद्ध नियमावली केली, ती योग्यच होती. तीत मनगटाच्या हाडांचे चित्र काढून वय अजमावतात. पण हाडे एकदा पक्की झाली की त्यापुढचे वय त्या चित्रात वाचता येत नाही. आमच्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलास त्याचा काही उपयोग झाला नसता. आता 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मणाऱ्या मुलांस शाळाप्रवेशासाठी नोंदणीचा जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा म्हणून धरावयाचा असा कायदा झाला आहे. एक जूनची मुले यापुढे जन्मणार नाहीत.

आणि तारीख खरी असली तरी रेषा ती रेषाच. बार्न्स्ली नावाच्या कॅनडातील संशोधकाने 1985 साली सहकाऱ्यांसह दाखविले की, तिकडच्या निवडक हॉकीपटूंत वर्षाच्या आरंभी जन्मलेले फार आणि अखेरीस जन्मलेले थोडे. कारण साधे आहे. 1 जानेवारीला रेषा ओढली की जानेवारीचे मूल गटात थोराड दिसते, डिसेंबरचे लहानखोर. शिक्षक थोराडास निवडतो, त्यास अधिक सराव मिळतो, आणि मग तो खरोखरच अधिक चांगला खेळतो.

त्या रात्री सभेत आम्ही एवढेच सुचविले की, नियम बदलावयाचा तर खालच्या पायरीपासून बदलावा. जी मुले आज वरच्या पायरीवर उभी आहेत त्यांना जुन्याच नियमाने पार होऊ द्यावे. चिरंजीव म्हणाले, “नाना, हे तुम्ही आम्हांला सांगून काय उपयोग?” तेही खरेच. अर्ज मात्र गेला. नातू डिसेंबरपर्यंत खेळेल. पुढे महाविद्यालयात आंतरविद्यापीठ सामने आहेत. त्याच्या पाठीशी परिपत्रके वाचणारे चार जण घरात आहेत.

गेल्या मार्गशीर्षात सायंकाळी चौपाटीवर तो आमचा जुना विद्यार्थी भेटला. आता त्याची स्वतःची होडी आहे. सात-आठ पोरांना तो ओल्या वाळूवर हॉकी शिकवीत होता. आम्हांस पाहून त्याने एका मुलीस हाक मारली, पाया पडावयास लावले, आणि पिशवीतून प्लास्टिकमध्ये मढविलेला महानगरपालिकेचा दाखला काढून आमच्या हाती दिला.

“गुरुजी, वाचून बघा. पक्की नोंद केली आहे. रुग्णालयातून घरी न्यायच्या आधीच सगळं विचारून घेतलं.”

आम्ही चष्मा सावरला. 29 डिसेंबर 2014.

“बरी आहे ना तारीख?” त्याने विचारले.

आम्ही थोडा वेळ दाखला तसाच धरून होतो. तीन दिवसांनी जन्मली असती तर गटात थोरली ठरली असती, हे ओठांवर आले होते. “खरी आहे,” आम्ही म्हणालो. मुलगी एव्हाना पुन्हा पाण्याच्या कडेला पळाली होती. तिच्याहून वीतभर उंच असलेल्या पोराच्या पायांतून तिने चेंडू काढून घेतला, आणि तो तिच्या मागे धावू लागला.