कयाधूकाठची चांदमारी

हिंगोलीच्या हळद बाजारात मी पंचवीस वर्षे हमाली केली. पोतं पाठीवर घेताना एकदम झटका द्यावा लागतो. तीच सवय हाताला जडली. पण जिथं झटका अजिबात चालत नाही असं एक काम उतारवयात माझ्या दोस्तानं मला शिकवलं. ते म्हणजे नेमबाजी.

हा दोस्त आमच्याच गल्लीतला, लहानपणापासूनचा. महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सागरच्या केंद्रात शिकला आणि हवालदार होऊन घरी आला. पेन्शनवर आल्यावर त्यानं छऱ्याची बंदूक घेतली. कमी ताकदीच्या अशा हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. रविवारी सकाळी आम्ही कयाधूच्या काठानं चालत जायचो. मागं मातीची उंच दरड, आजूबाजूला माणूस ना जनावर, अशी जागा त्यानंच हेरली होती. पुठ्ठ्यावर कोळशानं गोल काढून तो दरडीला टेकवायचा. पलटणीत ह्याला चांदमारी म्हणतात.

घरी बायको रागावली. "पंचशील घेता आणि हातात बंदूक?" दोस्तानं तिला सांगितलं, "वहिनी, पाखराकडं नळीसुद्धा वळणार नाही. आमचं भांडण फक्त पुठ्ठ्याशी आहे." हा नियम त्यानं कधी मोडला नाही.

दहा पावलांवर मला जमायला लागलं. मग त्यानं पुठ्ठा पन्नास पावलांवर नेला आणि माझा एकही छर्रा लागेना. जवळचा नेम तसाच धरला तर एवढ्या लांब छर्रा वीतभर खाली जातो. वारा सुटला तर बाजूलाही सरकतो. म्हणून नेम वर धरायचा, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा. श्वास अर्धा सोडून थांबायचं. आणि मुख्य म्हणजे, तो सारखा सांगे, "अरे गड्या, घोडा ओढू नको. हळूच दाब. हे पोतं नाही."

दम खायला बसलो की तो जुन्या गोष्टी सांगे. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी आपल्या माणसांची लष्करभरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ महार पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर मोडून टाकली. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला, तेव्हा १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तो म्हणे, "माझ्या हातात रायफल आली ती अशी. फुकट नाही आली."

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं. आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो. दोस्त म्हणाला, "त्यांचा दहा गुणांचा गोल १०.४ मिलिमीटरचा असतो. म्हणजे हरभऱ्याच्या टपोऱ्या दाण्याएवढा. तो पन्नास मीटरवर!"

माझी लेक मागं उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "काका, मला शिकवाल का?"

मी गप्प झालो. कारण होतं. शाळेत ती एनसीसीत होती. दहा दिवसांचं शिबिर होतं, तिथं रायफल चालवायला मिळणार होती. मी सही दिली नाही. पोरीची जात, बंदूक कशाला, लोक काय म्हणतील, असं बोललो. ती रडली नाही. गणवेश घडी करून पेटीत ठेवला आणि एनसीसीचं नाव परत घेतलं नाही.

त्या रविवारी ती आमच्यासोबत आली. वाळूवर पालथी झोपली. दोस्तानं फक्त कोपर नीट करून दिलं. पन्नास पावलांवर पहिले दोन छर्रे मातीत गेले. नंतरचे पाच पुठ्ठ्यावर लागले, तेही एका तळहाताखाली झाकतील एवढ्या जागेत. तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. मला काही बोलता येईना. तेवढ्यात दोस्त म्हणाला, "२०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं म्युनिकला जागतिक सुवर्णपदक घेतलं. तिच्या घरच्यांनी सही दिली असंल."

घरी परतताना मी लेकीला म्हणालो, "माझं चुकलं." ती म्हणाली, "बाबा, मला पोलीस भरतीचा फॉर्म भरायचाय." आता ती पहाटे पाचला धावायला जाते आणि मी सायकलवर मागं असतो. भरती होईल की नाही, ठाऊक नाही. पण ह्या वेळी कागदावर सही करताना माझा हात थांबला नाही.

आपल्या माणसांना बंदुकीपासून दूर ठेवणारे सरकार होते, ते गेले. माझ्या लेकीला दूर ठेवणारा मात्र मी होतो, तिचा बाप. घराघरांत अशी एखादी सही राहिली असेल, तर बापांनो, ती आजच करा.