पेल्यातलं पाणी

माझ्या शेडमध्ये लोखंडी चौकटीवर बसवलेली एक खुर्ची आहे. समोर तीन पडदे, पायाशी रडरचे पेडल, हातात स्टिक आणि चौकटीखाली तीन मोटारी. उजव्या हाताला लाकडी फळीचा एक तुकडा ठोकलाय आणि त्याच्या खाचेत काचेचा पेला बसतो. पेल्यात निम्म्यापर्यंत पाणी. खुर्ची बरोबर हलतेय की नाही, हे गेली दोन वर्षं तो पेलाच मला सांगतो.

पेला आला तो शेजारच्या मुलीमुळे. ती तेव्हा बारामतीला विमान चालवायला शिकत होती. मी भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. यंत्रं हलती ठेवणं हाच रोजचा धंदा, त्यामुळे खुर्ची हलवणं जमेल याची खात्री होती. पहिली खुर्ची जीपच्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवर तोललेली होती. क्रॉस रविवारी जुन्या बाजारात मिळाला. ट्रकच्या वायपरच्या २४ व्होल्टच्या दोन मोटारीही तिथल्याच. बोर्ड आणि वायरी तपकीर गल्लीतल्या. एक मोटर पुढे-मागे, दुसरी डावी-उजवी. कॉम्प्युटरवर एक्स-प्लेन हे विमान उडवायचं सॉफ्टवेअर चालायचं. विमान कुठल्या बाजूला किती अंश कललंय, हे ते सेकंदाला कित्येक वेळा बाहेर सांगत राहतं. विमान २० अंश कललं की खुर्चीही २० अंश कलायची. यात काही चूक असेल असं मला वाटलंच नव्हतं.

ती सुट्टीत घरी आली तेव्हा मोठ्या उत्साहाने तिला बसवलं. तिने डावीकडे वळण घेतलं, खुर्ची डावीकडे कलली, आणि ती सीटच्या डाव्या कडेला घसरली. तिने स्टिक सोडली.

"काका, वळणात विमान असं पाडत नाही आपल्याला. बॉल मधोमध असतो."

बॉल म्हणजे विमानाच्या डॅशबोर्डवर किंचित वाकलेल्या काचेच्या नळीत असलेली काळी गोळी. वळण नीट घेतलं असेल तर विमान कितीही कललं तरी गोळी नळीच्या मध्यावर राहते. मला पटेना, तसं ती म्हणाली, "पेलाभर पाणी ठेवा समोर. खऱ्या विमानात ते सांडणार नाही, इथे सांडेल."

मी पेला आणला. सांडलं.

त्या रात्री कागद घेऊन बसलो. विमान कलतं तेव्हा पंखांची उचल त्याला वळणाच्या आत खेचते, त्यामुळे बसलेल्याला बाहेरच्या बाजूला ओढ जाणवते, आणि या ओढीची नि गुरुत्वाकर्षणाची गोळाबेरीज बरोबर विमानाच्या तळाच्या दिशेने येते. ३० अंशांच्या वळणात माणसाला आपलं वजन १.१५ पट वाटतं, ६० अंशांच्या वळणात दुप्पट. पण बाजूला ओढ नसते. पाण्यालाही नसते. माझी खुर्ची मात्र शेडमध्येच उभी. ती कलली की गुरुत्वाकर्षण तिला नुसतं बाजूला ओढणार. डोळे सांगतात वळतोय, अंग सांगतं उतारावर बसलोय. त्या भांडणात पोट ढवळायला लागतं. विमानाची हुबेहूब नक्कल करता करता मी विमानात कधीच न येणारा अनुभव तयार केला होता.

मग कानाबद्दल वाचायला लागलो. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव. डोकं वळायला लागलं की द्रव मागे रेंगाळतो आणि वळणं जाणवतं. तोच वेग कायम राहिला की द्रवही सोबत फिरू लागतो आणि जाणीव विरते. फार हळू वळलं तर मुळातच काही कळत नाही. सेकंदाला दोन-तीन अंशांपेक्षा सावकाश होणारं कलणं माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. त्याच कानात जेलीसारख्या थरावर चुनखडीचे बारीक कण असतात. गाडीने वेग घेतला तर ते मागे सरकतात, आणि मान मागे कलली तरी मागेच सरकतात. दोन्हींतला फरक त्या कणांना सांगता येत नाही. तो आपण डोळ्यांनी ठरवतो.

अशा खुर्च्या हलवणाऱ्यांचा सगळा उद्योग या दोन गोष्टींवर उभा आहे. वळण सुरू होताना खुर्ची त्या दिशेला झटकन तीन-चार अंश कलवायची, नळ्यांतला द्रव हलला की काम झालं. लगेच तिला परत आणायचं, पण इतक्या सावकाश की बसलेल्याला पत्ता लागू नये. याला वॉशआउट म्हणतात. वाढलेलं वजन मात्र माझी खुर्ची दाखवू शकत नाही. बघायला येणारे लोक खुर्ची किती उसळते यावर खूश होतात. मला तिचं परत येणं जमवायला आठ महिने लागले, आणि माझ्या मते या कामातली सगळी कारागिरी तिथेच आहे.

हे वाचताना एडविन लिंक भेटला. त्याच्या वडिलांचा अमेरिकेत बिंगहॅम्टनला पियानो आणि ऑर्गनचा कारखाना. ऑर्गनचे भाते वापरून त्याने १९२९ साली हलणारं खोटं विमान बनवलं. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याकडे विमानाने टपाल नेण्याचं काम आलं आणि खराब हवेत एकामागून एक वैमानिक गेले, तेव्हा सैन्याने त्याच्याकडून सहा यंत्रं घेतली. आमच्या घरी आजोबांची पेटी आहे. त्या रात्री तिचा भाता नुसताच दोन-चारदा दाबून पाहिला.

वायपरच्या मोटारींवर एवढं नाजूक काम होईना. गिअरमध्ये प्ले होता. दिशा बदलताना खुर्ची आधी खटकायची, मग हलायची. आणि एका संध्याकाळी खुर्ची कुठे आहे ते सांगणाऱ्या पोटेन्शिओमीटरची वायर तुटली. कंट्रोलरला वाटलं खुर्ची अजून खालीच आहे, म्हणून तो ढकलतच राहिला. चौकट टोकाला आदळली, वेल्डिंग उकललं. नशिबाने तेव्हा सीटवर सिमेंटची पन्नास किलोची गोणी होती, माणूस नव्हता. तेव्हापासून लिमिट स्विच मोटारीचा पुरवठाच तोडतात, प्रोग्रामला विचारत नाहीत. आणि लाल बटण बसणाऱ्याच्या हाताशी असतं. यात काटकसर करणाऱ्याने माणूस बसवूच नये.

आता तीन सर्व्हो मोटारी आहेत, प्रत्येकीवर बॉल स्क्रू. एका फेऱ्यात दहा मिलिमीटर, मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. एवढा वेग असला तरी सरकायला जागा दीडशे मिलिमीटरच. मोठ्या सिम्युलेटरला सहा पाय असतात. तशी रचना डनलॉपमध्ये एरिक गॉफने टायर तपासायला केली होती आणि स्टुअर्टने १९६५ मध्ये वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी मांडली. मला तीन पाय पुरतात.

मागच्या पावसाळ्यात कानातल्या त्या चुनखडीच्या कणांची गंमत बघायला बायकोला बसवलं. पडद्यावर धावपट्टी मागे पळू लागली, खुर्ची सेकंदाला दोन अंशांनी नाक वर करत गेली. "पाठ दाबली जातेय," ती म्हणाली. मी पॉज केलं.

"आता भिंतीकडे बघ."

कालनिर्णय तिला तिरपं दिसलं. खुर्ची आठ अंश वर होती. गुरुत्वाकर्षणाचा साधारण १४ टक्के भाग तिची पाठ मागे ओढत होता. पेल्यातलं पाणी मागच्या बाजूला चढलेलं होतं, वेग घेणाऱ्या विमानात चढतं तसंच. ती बराच वेळ त्या पाण्याकडे बघत बसली.

दिवाळीत शेजारची मुलगी आली. न बोलता बसली, पट्टा लावला, पेला स्वतः भरला. लोहगावच्या धावपट्टीवरून तीन फेऱ्या मारल्या. मी पडद्याकडे बघतच नव्हतो. डावं वळण: पाणी एकदा लवलं आणि हळूहळू सरळ झालं. दुसरं वळण, पुन्हा तसंच. तिसऱ्या फेरीला तिने पेल्याकडे बघणंही सोडून दिलं. विमान उतरवल्यावर पट्टा काढता काढता म्हणाली, "काका, उजवीकडच्या पायात किंचित प्ले आहे का?"

होता. वरच्या जॉइंटचं बेअरिंग झिजलेलं निघालं.