बागेचे बहार

बहार वर्षातून किती वेळा येतो? तुम्ही चटकन म्हणाल, "एकदाच!" कारण उर्दूमध्ये बहार म्हणजे वसंत ऋतू. पण हाच प्रश्न आमच्याकडच्या डाळिंबाच्या बागाईतदाराला विचारा. तो म्हणेल, "तीन वेळा!" जून-जुलैमध्ये झाडाला फुले आली तर तो मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आली तर हस्त बहार आणि जानेवारी-फेब्रुवारीत आली तर आंबिया बहार. शब्द तुमचाच, पण आमच्या मातीत रुजून त्याचा अर्थ थोडा बदलला.

माझे गाव माळेगाव बुद्रुक. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तुम्हांला माहीत असेल. ते 'ल'चे, आमचे 'ळ'चे. ते पुणे जिल्ह्यात, बारामती तालुक्यात आहे. 'बुद्रुक' म्हणजे थोरले. हा शब्द 'बुजुर्ग'वरून आला आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आमच्याकडे ऊस पिकतो. नजर जाईल तिकडे हिरवेगार दिसते. पण ते सारे एकच पीक. ते एकदम वाढते आणि तोडणी आली की एकदम जाते. शेजारी उभी असलेली दोन झाडे किती निरनिराळी असू शकतात, हे मला कळले ते पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये.

ही बाग पुण्यात रेसकोर्सजवळ आहे. तिचा विस्तार सुमारे ३९ एकर आहे. एम्प्रेस म्हणजे सम्राज्ञी. तुमच्या भाषेत मलिका. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरिया यांना १८७७ साली भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. त्यांच्यावरूनच हे नाव पडले. बागेची देखभाल अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था करते.

माझी बहीण पुण्याला असते. तिच्याकडे गेलो की मी बागेत एक चक्कर मारतोच. पहिली चक्कर जानेवारीतली होती. २६ जानेवारीच्या सुमारास तेथे पुष्पप्रदर्शन भरते. गुलाब, शेवंती, डेलिया, रंगीबेरंगी फुलांच्या कुंड्या आणि माणसांची ही गर्दी! बरेच लोक तेवढेच पाहून "बाग पाहिली" असे म्हणत घरी जातात. खरे तर त्यांनी कुंड्या पाहिलेल्या असतात. बाग त्या कुंड्यांच्या मागे, उंच झाडांत उभी असते.

मार्चमध्ये गेलो, तेव्हा गर्दी नव्हती. पायांखाली वाळलेली पाने करकर वाजत होती. कित्येक झाडे उघडीबोडकी झाली होती. पानांतून सतत पाणी वाफ होऊन उडून जाते. कोरड्या दिवसांत हा खर्च झाडाला परवडत नाही, म्हणून ते पाने टाकून देते. त्याच दिवसांत पळस मात्र पेटल्यासारखा केशरी झालेला असतो. पाने आड येत नसल्यामुळे त्याची फुले मैनांना आणि इतर पाखरांना दुरून दिसतात. पाखरे मध प्यायला येतात आणि जाताना परागकण इकडून तिकडे नेतात.

मे महिन्यात तेथे जावे ते सावलीसाठी. बाहेर डांबर तापलेले असते. आत शिरले की अंगाला गारवा लागतो. याच दिवसांत बहाव्याला पिवळे घोस लटकू लागतात. जणू झाडाला झुंबरे टांगली आहेत!

पावसाळ्यात फुलांपेक्षा खोडे पाहावीत. या बागेत प्रचंड जुन्या वेली आहेत. त्या वेली आहेत यावर प्रथम विश्वासच बसत नाही. त्यांची खोडे पिळदार आणि झाडासारखी जाड आहेत. आधार घेत घेत त्या उन्हासाठी थेट शेंड्यापर्यंत चढल्या आहेत. ओल्या लाकडावर छत्र्यांसारखी अळिंबी उगवलेली असते.

दिवाळीच्या आगेमागे बागेकडे जाताना पुण्याच्या रस्त्यांवर बुचाच्या लांब देठाच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला दिसतो. बूच रात्री फुलतो आणि सकाळी झाडाखाली सुगंध अंथरून ठेवतो. थंडी आली की पुन्हा कुंड्या, पुन्हा गर्दी!

आता तुम्ही म्हणाल, एवढे सगळे पाहून उपयोग काय? ऐका. आमच्या गावात एका शेताच्या बांधावर बहाव्याचे झाड होते. एप्रिलमध्ये ते पार निष्पर्ण झाले. शेताचे मालक आबा म्हणाले, "वाळलंय. सरपणाला होईल." कुऱ्हाडही आणली होती. मी म्हणालो, "आबा, पुण्याच्या बागेत याचाच भाऊ बघितलाय. पंधरा दिवस थांबा." आबा हसले, पण थांबले. तीन आठवड्यांनी ते झाड नखशिखान्त पिवळे झाले. त्याच्या सावलीत आज बैल बसतात. आबा पाहुण्यांना सांगतात, "आमचा हा बहावा."

ते झाड वाचले, कारण त्याला वर्षातून एकदाच नव्हे, चारही वेळा पाहिलेले कोणीतरी तेथे होते. उघडे झाड म्हणजे मेलेले झाड नव्हे. त्याचा बहार अजून यायचा असतो. वर्गातल्या मागे पडलेल्या मित्राकडे पाहतानाही हे लक्षात ठेवा.

एम्प्रेस गार्डन तुमच्यापासून दूर असेल. हरकत नाही. शाळेच्या वाटेवरचे एक झाड निवडा. ते चिंचेचे असो, कडुलिंबाचे असो की पिंपळाचे. पान कधी गळले, पालवी कधी फुटली, पहिले फूल कधी दिसले, ते वहीत तारखेसह लिहा. एक वर्ष पुरे. मग त्या झाडावर कोणी कुऱ्हाड उचलली, तर "थांबा" म्हणणारे तुम्ही असाल.